झाडांचा टँक लावतेय : वाळू, लाईट, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि मुख्य म्हणजे माशांना खायला किती?

तळ्यातमळ्यात :
मंडळी, दोन फुटी टँक घेतलाय. ६० बाय ३० बाय ३६ सेंमी, काठोकाठ भरला तर ६५ लिटर, पण वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास पाणी धरा. यावेळी प्लास्टिकची झाडं, उघडझाप करणारा खजिन्याचा पेटारा वगैरे अजिबात नकोय, खरी झाडं हवीत. वाचायला बसले तर डोकं गरगरायला लागलं, एक जण म्हणतो सॉइलशिवाय हात लावू नका, दुसरा म्हणतो साधी वाळू पुरे, तिसरा थेट सीओटूचा सिलिंडरच आणायला सांगतो. मला टँक स्पर्धेला पाठवायचा नाहीये हो. हिरवा दिसावा, मासे सुखात असावेत आणि दर रविवार त्याच्या सेवेत जाऊ नये, बस.

दुसरा प्रश्न खाण्याचा. आमच्या घरात प्रत्येकाला मासे उपाशीच दिसतात. सकाळी सासरे टाकतात, दुपारी पोरगा टाकतो, रात्री नवरा टीव्ही बघता बघता चिमूटभर टाकतो, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच की मी तर एकदाच टाकलं. आधीच्या छोट्या टँकचं पाणी कायम धुरकट असायचं ते यामुळेच का? आणि आता खरी झाडं असली म्हणजे ती ही घाण ओढून घेतील, हे बरोबर ना? निऑन टेट्रा, कोरी (तळाशी राहणारे मिशीवाले छोटे मासे) आणि काच साफ करायला एक सकर असं डोक्यात आहे. येत्या रविवारी आणू का?

शेवाळेश्वर :
मासे रविवारी आणू नका. कुठल्या रविवारी आणायचे त्याचं उत्तर कोणीतरी नीट देईलच, मी टँक लावण्याचं सांगतो.

जागा आधी ठरवा. पाणी, काच, वाळू, दगड सगळं मिळून ८० किलोच्या घरात जातं, त्यामुळे टेबल डुगडुगणारं नको आणि एकदा भरला की हलवायचा नाही. खिडकीचं ऊन थेट पडतं तिथे ठेवलात तर वर्षभर शेवाळच पाळाल.

कोरी पाळायच्यात ना, मग मी वाळूच सांगेन. कोरी तोंड वाळूत खुपसून, वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकत खाणं शोधतात, टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. मऊ, गोल दाण्याची वाळू, पुढे ३-४ सेंमी, मागे ६ सेंमीपर्यंत चढती. आणलेल्या वाळूतली थोडी वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता, फसफसली तर त्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, ती पाणी जड करत राहणार, निऑनला ते नको. नाही फसफसली तर पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, आणि हे धुणं कंटाळा येईपर्यंत नाही, कंटाळा आल्यावरही चालू ठेवायचं असतं.

वाळूत स्वतःचं खत काहीच नसतं, म्हणून मुळांतून खाणाऱ्या झाडांपाशी रूट टॅब (खताच्या गोळ्या) खोचायच्या. क्रिप्टोकोरीन, अॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया या मुळांवाल्या. स्वोर्ड मात्र दोन फुटीत पुढे डोईजड होते, विचार करून घ्या. जावा फर्न आणि अॅन्युबियास यांचं उलट आहे, त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरलं की ते कुजतं, मग पानं एकेक करून सुटून वर तरंगतात. त्यांना दोऱ्याने लाकडावर किंवा दगडाच्या फटीत बांधा, मुळं धरतात आपोआप.

आणि पहिल्या दिवसापासून भरगच्च लावा. चार काड्या लावून "वाढतील हळूहळू" म्हणणाऱ्या टँकमध्ये झाडांच्या आधी शेवाळ वाढतं. हायग्रोफिला, हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी झाडं सुरुवातीला मुद्दाम जास्त ठेवा, नंतर काढून टाकता येतात.

लाईट टायमरवर. पहिले काही आठवडे ६ तास, नंतर फार तर ८. घरी कोणी आहे म्हणून चालू आणि झोपताना आठवलं म्हणून बंद, असं नको.

खडीवाला :
शेवाळेश्वरांचा सॉइलवरचा राग जुना आहे :) सॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे, त्यात खत असतंच शिवाय ते पाणी मऊ करतं आणि पीएच खाली आणतं, म्हणजे निऑनच्या पथ्यावरच. हिरवळीसारखा गालिचा हवा असेल तर सॉइल आणि सीओटूला पर्याय नाही. ताकाशी अमानोंच्या (झाडांच्या टँकची कला जगभर पोचवणारे जपानी छायाचित्रकार) टँकचे फोटो बघून हा छंद लागलेले आमच्यासारखे लोक वाळूवर समाधान मानतील कसे.

शेवाळेश्वर :
अहो राग नाही. पण नवीन सॉइल पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडतं, दर दोनचार दिवसांनी पाणी बदलत बसावं लागतं, आणि काही वर्षांत दाणे विरघळून चिखल होतो. त्यांनी पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय रविवार मोकळा हवाय. अमानोंच्या त्या टँकमागे रोज कात्री घेऊन बसणारी माणसं होती हेही सांगा की.

खडीवाला :
मान्य. कात्रीचं मान्यच आहे. गालिचा नको असेल तर वाळू चालेल, लिहून देतो.

पाणकावळा :
सीओटूबद्दल दोन ओळी, कारण कोणीतरी तुम्हाला साखर-यीस्टची बाटली लावायला सांगणारच. तुम्ही घेताय ती झाडं त्याशिवाय वाढतात, सावकाश वाढतात एवढंच. यीस्टच्या बाटलीतून आज भरपूर, परवा निम्मा, काही दिवसांनी शून्य असा गॅस येतो, आणि अशा वरखाली होणाऱ्या सीओटूवर काळं दाढीवालं शेवाळ खूश असतं. लावायचाच तर रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप) आणि टायमरसकट नीट सिलिंडर लावा, लाईटच्या तासदीड तास आधी चालू, लाईट जायच्या तासभर आधी बंद. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी) हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास, निळा म्हणजे कमी, पिवळा झाला आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर आधी गॅस बंद करून पाणी हलवायचं, बाकी विचार नंतर.

अर्धीबादली :
आता रविवारचं. टँक लावला, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, म्हणजे तयार झाला असं वाटतं. अमोनिया दिसत नाही हो डोळ्यांना.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्या दोन्ही गोष्टी विषारी, तिसरी कमी प्रमाणात चालते. हे जिवाणू पाण्यात मोकळे हिंडत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, पानांवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात, म्हणून नवीन टँक मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मासे न घालता थोडा अमोनिया घालून जिवाणूंना पोसायचं. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसलं की समजायचं तयार. टेस्ट किट घ्याच, थेंबांचं घ्या. कोणाच्या चालू टँकचा मळका स्पंज पिळून मिळाला तर हे सगळं बरंच लवकर होतं, फक्त त्या टँकमध्ये रोगराई नको.

पाणी बदलताना अँटीक्लोर (क्लोरीन मारणारं औषध) टाकायचं. क्लोरीन पाणी उघडं ठेवल्यावर उडून जातं हे खरं, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते एक रात्र बादली ठेवून जात नाही. आणि स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत पिळा. नळाखाली खसाखसा धुतला की एवढ्या आठवड्यांची कमाई मोरीत.

तळ्यातमळ्यात :
बापरे, बरं झालं विचारलं. पोरगा रुसलाय पण सांगितलंय की आधी झाडं. पण मग माझा मूळ प्रश्न, झाडं अमोनिया खातात ना? मग खाणं थोडं जास्त पडलं तर काय बिघडलं, उलट खतच की!

निवांत_गप्पी :
हाच समज सगळीकडे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

खतच आहे, शंभर टक्के. बऱ्याच पाणझाडांना नायट्रेटपेक्षा अमोनियम सोपं पडतं, ती ते आधी उचलतात. प्रश्न हिशोबाचा आहे. खाद्याच्या डब्यावर प्रथिनं ४५ टक्के लिहिलेली असतात, प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन. ते न खाता तळाशी कुजलं आणि सगळ्याचा अमोनिया झाला असं धरलं तर ८७ मिलिग्रॅम, तुमच्या ५० लिटरमध्ये पावणेदोन पीपीएम. अर्धीबादली वर सांगतायत ना की टँक मुरवताना २ पीपीएम अमोनिया घालायचा, जवळपास तेवढा तुमच्या घरातल्या एका जास्तीच्या मोठ्या चिमटीतून आला! आणि पुढे त्याचं नायट्रेट झालं तर सहा पीपीएमच्या वर. हे सगळं एका ग्रॅमचं. रोजचं किती पडतंय ते किचनच्या डिजिटल काट्यावर एकदा तोलून बघा, घरच्यांनाही दाखवा.

आता मासे किती खातात ते बघू. एक निऑन अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. दहा निऑन मिळून पाच ग्रॅमच्या आत. रोज वजनाच्या २ टक्के खाद्य धरलं तरी दहा जणांना मिळून दिवसाला एक दशांश ग्रॅम पुरतं. म्हणजे तो एक ग्रॅम म्हणजे त्यांचं दहा दिवसांचं जेवण झालं. मासा थंड रक्ताचा, अंग गरम ठेवायला त्याला काही जाळावं लागत नाही, म्हणून आपल्या भुकेच्या मापाने तो कायम उपाशी वाटतो. आणि काचेपाशी गर्दी करून तोंड हलवतात ते भुकेने असं नाही, तुमची सावली आली की वरून काहीतरी पडतं हे त्यांना एव्हाना कळलेलं असतं. तो अभिनय असतो, त्याला फसायचं नाही.

झाडांचं म्हणाल तर त्यांचा खाण्याचा वेग लाईटवर आणि सीओटूवर ठरतो. तुम्ही सावकाश वाढणारी झाडं, मंद लाईट, सीओटू नाही असं ठरवलंय (योग्यच ठरवलंय), मग जावा फर्न महिन्याला दोन पानं काढणार, ती तुमच्या घराचं तीन वेळचं वाढप कुठून आवरणार. त्यामुळे झाडांचा टँक असो की साधा, हात आखडताच हवा. टँक कसा राहणार हे सॉइल की वाळू यापेक्षा खाद्याच्या डब्यावर कोणाचा हात आहे यावर ठरतं, माझं तरी हेच मत आहे.

आता काय द्यायचं. माशाचं तोंड बघा. तोंड वरच्या दिशेला उघडत असेल (गप्पी, हॅचेटफिश) तर तो पृष्ठभागावरचं खातो, त्याला फ्लेक्स. तोंड सरळ समोर असेल, निऑनचं आहे तसं, तर मधल्या पाण्यात सावकाश बुडत जाणारे बारीक दाणे. तोंड खाली वळलेलं, मिशीवालं असेल, कोरीसारखं, तर तळाला जाणारी वडी. कोरी तळाची साफसफाई करतात, वरून उरलेलं त्यांना पुरतं, असं बरेच जण म्हणतात, त्या बिचाऱ्या अशा टँकमध्ये वाळून जातात. त्यांची वडी वेगळी टाकायची, लाईट गेल्यावर टाकली तर निऑन पळवत नाहीत. निऑनचं तोंड एवढंसं असतं, अर्धा-पाऊण मिलिमीटरचे दाणे घ्या. मोठा दाणा घेतला की काय होतं एकदा नीट बघा : मासा दाणा पकडतो, थुंकतो, पुन्हा पकडतो, पुन्हा थुंकतो, बघणाऱ्याला वाटतं खातोय, आणि दाणा भिजून भुगा होऊन वाळूत.

दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दीडदोन मिनिटांत फस्त होईल इतकंच. आठवड्यातून एक दिवस काहीही नाही. अधूनमधून फ्रोझन ब्राइन श्रिम्प किंवा डाफ्निया, ब्लडवर्म कधीतरी. जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक लाल किडे) घाणेरड्या पाण्यात वाढतात, मी तरी टाळतो. खाद्याचा डबा छोटा घ्या, उघडल्यावर जीवनसत्त्वं उतरत जातात, आणि ओला हात डब्यात घालायचा नाही.

दोन_पोरांची_आई :
वाचनखूण साठवली! आमच्याकडेही सेम प्रॉब्लेम होता, प्रत्येक जण वाढपी. उपाय सांगते. औषधाच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मिळतो ना, वारांची नावं असलेला, तो आणला. रविवारी रात्री मी एकटी बसून सात कप्पे भरते, सहाच खरं तर, गुरुवारचा रिकामा, त्या दिवशी उपास. टँकपाशी फक्त तो डबा असतो, खाद्याचा मोठा डबा कपाटात. कप्पा रिकामा दिसला म्हणजे कोणीतरी टाकलंय, विषय संपला. "मी नाही टाकलं" वाली भांडणंच बंद झाली.

निवांत_गप्पी :
हे भारी आहे, माझ्या सगळ्या गणितापेक्षा कामाचं.

पाणकावळा :
सकरबद्दल कोणीच बोललं नाही. दुकानात बोटाएवढा दिसणारा साधा सकर फूटभर वाढतो आणि त्याहून पुढेही जातो, दोन फुटी टँकमध्ये वळता येणार नाही त्याला. शिवाय खातो तेवढी घाण करतो आणि वयात आल्यावर शेवाळाकडे बघतही नाही. काचेसाठी ओटोसिंक्लस घ्या, चारपाचांचा गट, पण टँकला काही महिने होऊन काचेवर, पानांवर थर धरल्यावरच, कारण ते तोच थर खातात. घेताना पोट बघून घ्या, आत गेलेलं असेल तर नको. निऑन ८-१०, कोरीही एकाच जातीच्या ६. सगळे एकदम आणायचे नाहीत, थोडे थोडे, म्हणजे जिवाणूंना दम मिळतो.

तळ्यातमळ्यात :
अपडेट : झाडं लावली, पाणी भरलं, फिल्टर चालू आहे. प्लेट ठेवून तिच्यावर पाणी ओतलं त्यामुळे वाळू उकरली गेली नाही. पण दोन गोष्टी. क्रिप्टची (क्रिप्टोकोरीनची) पानं पारदर्शक होऊन चक्क वितळतायत, देठाला हात लावला तर बुळबुळीत. आणि काचेवर, पानांवर तपकिरी भुकटीसारखा थर आलाय, बोटाने लगेच पुसला जातो. झाडं गेली का माझी?

शेवाळेश्वर :
काही गेली नाहीत. क्रिप्ट जागा बदलली की असंच करते, पानं टाकते, मुळं जिवंत असतात. उपटू नका, नुसती कुजकी पानं कापून बाहेर काढा, नाहीतर तीही अमोनियाच. बाकीच्या झाडांचीही जुनी पानं झडतील कारण नर्सरीत ती बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, पाण्याखालची पानं वेगळी येतात. झाड जगलं की नाही हे नव्या कोंबावरून ठरवायचं.

तपकिरी थर म्हणजे डायटम (एक सूक्ष्म शेवाळ), नव्या टँकला येतातच, काही आठवड्यांत जातात. पाणी बदलताना पुसून घ्या. औषध वगैरे काही टाकू नका, आणि ते निळं मेथिलीन ब्लू तर मुळीच नाही, ते फिल्टरचे जिवाणूही मारतं.

पुढे कधी जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर पोटॅशियम कमी, नवी पानं पिवळी पडली तर लोह कमी. निळसर हिरवी, वास येणारी साय आली आणि सोलून निघाली तर ते खरं शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया. ते आलं तर इथेच लिहा.

अर्धीबादली :
गोगलगायी आल्या असतील झाडांवरून, चिमुकल्या. घाबरू नका, मारायला औषध नको. त्यांची संख्या खाद्यावर चालते, अचानक शेकड्यांनी दिसायला लागल्या तर समजा कोणीतरी गुपचूप टाकतंय.

तळ्यातमळ्यात :
हाहा, म्हणजे घरात सीसीटीव्हीच बसवला म्हणा की. शेवटचं एक विचारते, सुट्टीत आठवडाभर बाहेर गेलो तर? शेजारच्यांना डबा देऊन जाऊ?

निवांत_गप्पी :
शेजारी तर मुळीच नको, प्रेमाने आठवड्याचं एका दिवसात घालतील. धडधाकट मोठे मासे आठवडाभर खाण्याशिवाय आरामात राहतात, त्यात झाडांचा टँक, पानांवर काही ना काही टिपत बसतात. पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना दिवसातून तीनचारदा लागतं. ते सुट्टीचे पांढरे ठोकळे मिळतात ते आणू नका, पाणी खराब करतात. जास्त दिवस जायचं असेल तर ऑटो फीडर, पण निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी लावून बघा. टँकची वाफ लागून दाणे आत चिकटतात आणि मग एकतर काहीच पडत नाही किंवा सगळं एकदम. जायच्या दोनतीन दिवस आधी पाणी बदला, निघताना घाईत नको.

तळ्यातमळ्यात :
सगळ्यांचे खूप आभार. टेस्टमध्ये नायट्राइट दिसायला लागलंय, ते शून्यावर आलं की आधी कोरी आणेन, निऑन नंतर सावकाश. गोळ्यांचा डबा मागवलाय.

दोन_पोरांची_आई :
रंग बघून घे गं. आमचा आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा सेम निळा होता, एका सकाळी त्या कोरीची वडी हातात घेऊन विचारत होत्या, ही नवीन गोळी कधीपासून सुरू केली?